डेबियन १२ वर एन्जिनएक्सची १.२४.० हीच आवृत्ती कायम कशी ठेवावी?

प्रश्न

नमस्कार. आमच्या कार्यालयातील एका सर्व्हरवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. त्यावरील एन्जिनएक्स (वेब सर्व्हरचे सॉफ्टवेअर) आम्ही डेबियनच्या नव्हे, तर एन्जिनएक्स प्रकल्पाच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून (पॅकेजच्या ऑनलाइन साठ्यातून) घेतले आहे, कारण एका पुरवठादाराने दिलेले तयार डायनॅमिक मॉड्यूल (एन्जिनएक्स सुरू होताना त्याला जोडला जाणारा वेगळा भाग) १.२४.० साठीच कंपाइल केलेले असून त्याचा सोर्स आमच्याकडे नाही. नेहमीचे अपग्रेड चालवल्यावर १.२६.० बसले आणि सेवा सुरू होणे थांबले. मॉड्यूलची आवृत्ती १०२६००० ऐवजी १०२४००० आहे, अशी एरर येते. ‘ॲप्ट’ या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या ‘इन्स्टॉल’ आज्ञेत पॅकेजच्या नावापुढे बरोबरचे चिन्ह देऊन १.२४.० लिहिले, तर अशी आवृत्ती सापडली नाही असे उत्तर मिळते. जुनी आवृत्ती परत कशी आणावी, आणि बाकीची सर्व अपडेट चालू ठेवून हे एकच पॅकेज जागच्या जागी कसे रोखावे?

उत्तर १

रिपॉझिटरीत १.२४.० असूनही ॲप्टला ती सापडत नाही, कारण त्याला आवृत्तीची संपूर्ण अक्षरमाला लागते. त्यात मूळ आकड्यापुढे पॅकेज बांधणाऱ्याचा क्रमांकही येतो. ‘ॲप्ट-कॅश मॅडिसन’ ही आज्ञा पॅकेजच्या नावासह चालवल्यास उपलब्ध आवृत्त्या एकेका ओळीत दिसतात. त्यातील १.२४.०-१~बुकवर्म (बुकवर्म हे डेबियन १२ चे सांकेतिक नाव) ही पूर्ण अक्षरमाला जशीच्या तशी बरोबरच्या चिन्हापुढे द्यावी. ते नागमोडी चिन्ह गाळू नये. डेबियनच्या तुलनेच्या नियमात ते कशाच्याही आधी येते, त्यामुळे ते असलेली आणि नसलेली अशा दोन वेगळ्या आवृत्त्या ठरतात.

हे डाउनग्रेड असल्याने ॲप्ट आधी विचारणा करील. स्क्रिप्टमधून ‘-वाय’ लावून चालवल्यास ते नकार देते. तेथे ‘अलाउ-डाउनग्रेड्स’ हा पर्याय स्पष्टपणे द्यावा लागतो. त्याच रिपॉझिटरीतील इतर मॉड्यूल बसवलेली असतील, तर त्यांच्याही १.२४ साठीच्या आवृत्त्या त्याच आज्ञेत मागाव्यात, कारण ॲप्ट अवलंबित पॅकेजांची जुनी आवृत्ती स्वतःहून शोधत बसत नाही. आधी ‘-एस’ लावून नुसती चाचणी घ्यावी आणि कोणती पॅकेज काढली जाणार आहेत ते नीट वाचावे. रोखून धरण्यासाठी पॅकेजवर ‘बदलू नये’ अशी खूण करणारी ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ ही आज्ञा पुरेशी आहे.

उत्तर २

एका सर्व्हरपुरते होल्ड ठीक आहे, परंतु ती खूण डीपीकेजीच्या (ॲप्टच्या खालच्या, प्रत्यक्ष पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या) नोंदीत राहते आणि सर्व्हर नव्याने उभारताना कोणाच्याच ध्यानात येत नाही. त्यापेक्षा पिन, म्हणजे कोणत्या आवृत्तीला किती प्राधान्य द्यावे हे सांगणारी नोंद, लिहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘/ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी’ या फोल्डरमध्ये एक फाइल करून तीन ओळी लिहाव्यात: पहिलीत पॅकेजचे नाव, दुसरीत पिन म्हणून आवृत्ती १.२४.* आणि तिसरीत प्राधान्य १००१.

या आकड्यांमागचा हिशेब समजून घेतला पाहिजे. काहीच लिहिलेले नसताना रिपॉझिटरीतील आवृत्तीला ५०० आणि केवळ बसवलेल्या आवृत्तीला १०० असे प्राधान्य असते, आणि प्राधान्य समान असेल तेथे मोठी आवृत्ती निवडली जाते. म्हणूनच आपल्याकडे १.२६ आपोआप आले. १००० किंवा त्याहून अधिक प्राधान्य दिले, तरच ॲप्ट बसवलेल्या आवृत्तीपेक्षा जुनी आवृत्ती निवडते. ९९० दिले तर पुढचे अपग्रेड रोखले जाते, पण खाली उतरता येत नाही. शेवटी तारांकन ठेवल्याने १.२४.० च्याच पॅकेजची दुरुस्त बांधणी आली, तर ती मात्र मिळते.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांसाठी आभार. पूर्ण अक्षरमाला दिल्यावर १.२४.० बसले आणि मॉड्यूल लोड झाले. मात्र पिन लिहूनही ‘ॲप्ट पॉलिसी’मध्ये उमेदवार (पुढे बसवली जाणारी आवृत्ती) म्हणून १.२६.० च दिसते आणि त्यापुढे ९०० हा आकडा आहे. फाइलचे नाव ‘एन्जिनएक्स.कॉन्फ’ असे आहे.

उत्तर ३

नावच बदला. त्या फोल्डरमधील फाइलला एकतर काहीच एक्स्टेन्शन नसावे किंवा ‘.प्रेफ’ असावे, ‘.कॉन्फ’ असलेली फाइल ॲप्ट एक साधी सूचना देऊन बाजूला ठेवते, आणि इतर ओळींच्या गर्दीत ती सूचना सहज नजरेतून सुटते. ९०० हा आकडा एन्जिनएक्सच्या अधिकृत सूचनांनुसार संपूर्ण रिपॉझिटरीसाठी लिहिलेल्या पिनमधून आलेला आहे. तो काढण्याची गरज नाही, कारण विशिष्ट पॅकेजचे नाव घेऊन लिहिलेली पिन सर्वसाधारण पिनच्या वर असते.

एक मुद्दा मात्र राहिला आहे. एन्जिनएक्स प्रकल्प सुरक्षा दुरुस्त्या चालू स्टेबल (स्थिर) आणि मेनलाइन (नवे बदल येत राहणारी) या शाखांनाच देतो. एप्रिल २०२४ मध्ये १.२६.० आल्यापासून १.२४ ची शाखा बंद झाली आहे. म्हणजे आपण ज्या आवृत्तीला खिळा ठोकला आहे, तिच्यात उद्या दोष सापडला तर तेथून दुरुस्ती येणार नाही. याउलट डेबियन १२ च्या स्वतःच्या रिपॉझिटरीत १.२२.१ आहे. ती जुनी दिसली, तरी डेबियनचा सुरक्षा गट आवश्यक दुरुस्त्या त्याच आवृत्तीत आणून बसवतो. मूळ आकडा तोच राहतो, केवळ मागचा क्रमांक बदलतो. मॉड्यूल लोड करताना एन्जिनएक्स मूळ आकडा तपासते, त्यामुळे अपडेटनंतर ही आवृत्तीची एरर तेथे येत नाही. पुरवठादाराकडे डेबियनच्या १.२२.१ साठी कंपाइल केलेले मॉड्यूल लेखी मागावे. ‘विथ-कम्पॅट’ लावून कंपाइल केले आहे एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये, कारण त्या पर्यायाने कॉन्फिगर करतानाच्या पर्यायांतील फरक चालतो, आवृत्तीतील नाही. ते मॉड्यूल मिळाल्यावर पिन आणि बाहेरची रिपॉझिटरी दोन्ही काढता येतील.