आपल्या घरातलं तंत्रज्ञान : प्रत्येकाने आपापला अनुभव लिहा

ताई : फोनमुळे घर जवळ आलं की लांब गेलं, हा वाद आपल्याकडे जमलं की होतोच, आणि दोन्हीकडून तीच ती वाक्यं येतात. मला त्याहून बारीक काहीतरी वाचायचं आहे. एखादं यंत्र, अ‍ॅप किंवा नुसतं एखादं सेटिंग, ज्याने तुमच्या रोजच्या जगण्यात खरोखर फरक पडला. किंवा त्यापायी घरच्यांना एखादी सवय बदलावी लागली असेल तर तीही लिहा. मोठं लिहा, लहान लिहा, पण लिहा.

मोठे काका : सगळ्यात जास्त सोय माझी झाली, तेव्हा सुरुवात मीच करतो. ऐकू कमी यायला लागलं तसं मी चारचौघांत बसणं टाळायला लागलो होतो. श्रवणयंत्राने बोलणं मोठं होतं, पण त्याबरोबर पंखा, भांडी, सरकवलेली खुर्ची हेही मोठं होतं. त्यातून शब्द वेचता वेचता संध्याकाळपर्यंत डोकं शिणून जातं.

धाकटीने फोनवर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब घालून दिलं. २०१९ साली आलेलं हे अ‍ॅप समोरचा बोलेल ते लिहून दाखवतं, मराठीतसुद्धा. चष्म्याच्या डबीला टेकवून फोन उभा ठेवतो, माइकची बाजू बोलणाऱ्याकडे. अक्षरं उमटत जातात. आधी एखादा शब्द भलताच येतो आणि वाक्य पुरं होत आलं की मागचा शब्द आपोआप बदलून बरोबर होतो. ते बघत राहावंसं वाटतं.

दोघं एकदम बोलले की मात्र सगळी खिचडी होते. त्यामुळे आता आपल्याकडे एकाचं बोलून होईपर्यंत दुसरा थांबतो. मी कोणाला तसं सांगितलं नव्हतं, तुम्हीच करायला लागलात, आणि याचं मला फार बरं वाटतं. एकच विनंती आहे. बोलताना फोनकडे बघू नका, माझ्याकडे बघा. ओठांवरून समजून घ्यायची सवय अजून मोडलेली नाही.

आत्या : दादा, तुझं कानाचं, माझं डोळ्यांचं. मी फोन ऐकून वापरते. टॉकबॅक ही अँड्रॉइड फोनमधली वाचून दाखवणारी सोय सुरू असली की बोट जिथे जाईल तिथे काय आहे ते फोन बोलून सांगतो, आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. आयफोनमध्ये हीच सोय व्हॉइसओव्हर नावाने २००९ पासून आहे. माझा फोन इतका भरभर बोलतो की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही, मला सगळं कळतं.

अडतं ते चित्रांपाशी. चित्रावर लिहिलेला शुभेच्छेचा मजकूर आला की माझा फोन बहुतेक वेळा नुसतं "फोटो" म्हणतो. कोणी काय पाठवलं, मला पत्ता नाही. म्हणून सांगते, फोटोखाली दोन ओळी लिहीत जा. नव्या सूनबाईंनी बाळाच्या फोटोखाली लिहिलं होतं, "खिडकीत बसलाय, एका पायात मोजा, दुसरा तोंडात." तो फोटो मी तुमच्यापेक्षा नीट पाहिला असेन.

धाकटे काका : माझं सेटिंगवर आहे. पाळीची नोकरी, दिवसा झोपायचं, आणि फोन बंद ठेवला तर घरची काळजी. 'डू नॉट डिस्टर्ब', म्हणजे फोन वाजू न देणारं सेटिंग, लावून त्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या कॉलला वाट मोकळी ठेवता येते. आयफोनवर तीन मिनिटांत त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजतो. घरात सांगून ठेवलंय : तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा लावा, नाहीतर मेसेज टाका. झोप परत मिळाली.

मावशी : मी जरा नकोसा विषय काढते. आमचे हे गेले तेव्हा त्यांचा फोन माझ्या हातात होता आणि उघडता येत नव्हता. त्यात आमचे इतक्या वर्षांचे फोटो. दुःखाच्या दिवसांत पासवर्ड आठवत बसणं यासारखा ताप नाही. काही फोटो शेवटी मिळालेच नाहीत.

नंतर शोधून काढलं ते सांगते. गूगलमध्ये २०१३ पासून 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. आपण खातं वापरणं थांबवलं तर किती महिन्यांनी, तीन, सहा, बारा की अठरा, कोणाला कळवायचं आणि त्यांना काय काय द्यायचं, हे आधीच ठरवून ठेवता येतं. दहा जणांपर्यंत नावं देता येतात. अ‍ॅपलने आयफोनच्या आयओएस १५.२ या प्रणालीत, २०२१ च्या डिसेंबरात, 'लेगसी कॉन्टॅक्ट' आणला. तिथे आपण दिलेली किल्ली म्हणजे कोड आणि मृत्यूचा दाखला असे दोन्ही लागतात. त्यातून फोटो, संदेश मिळतात, पण साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत, ते वेगळे लिहून ठेवावे लागतात. आणखी एक, दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं. तेव्हा "बघू पुढे" म्हणू नका. मी माझं केलंय, दोघी मुलींची नावं दिलीत.

भाची : मावशी, आज रात्रीच करते. माझं छोटंसं. आता थोड्याशा रेकॉर्डिंगवरून कोणाच्याही आवाजाची नक्कल करता येते. "मी अडकलोय, पैसे पाठव" असा आपल्याच माणसाच्या आवाजात फोन आला तर काय करायचं? आमच्या घरी एक खुणेचा शब्द ठरलाय. तो फोनवर लिहायचा नाही, फक्त समोरासमोर सांगायचा. मोठ्या आईला तो सगळ्यांच्या आधी पाठ झाला.

मामेभाऊ : मी सध्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवतोय. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरमध्ये आणि ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एवढंच सामान. कॅसेट जेवढी वाजेल तेवढाच वेळ लागतो, घाई चालत नाही. पहिली गोष्ट म्हणजे वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकायचे, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेप ज्याला घासून जाते तो भाग, स्पिरिटने पुसून घ्यायचं. मूळ फाइल डब्ल्यूएव्ही या आवाज न दाबता साठवणाऱ्या प्रकारात जशीच्या तशी ठेवायची आणि खरखर काढायची ती तिच्या प्रतीवर.

पणजीचा आवाज ऐकताना एक चमत्कारिक गोष्ट कळली. ती बोलायला सुरुवात करण्याच्या जरा आधी तेच शब्द अगदी पुसट ऐकू येतात. मला वाटलं भास असेल. पण टेप वर्षानुवर्षं गुंडाळून राहिली की एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर थोडं उतरतं, त्याचा हा आवाज. मी तो साफ केलेला नाही, करणारही नाही. ती आजोबांना ओरडतेय, "अरे, ते यंत्र बंद कर, मी काय गाणारी आहे का?" आणि मग गातेच.

ताई : हे आपल्याला सगळ्यांना पाठव रे!

आत्या : पाठव, पण फाइलला धड नाव दे. नाहीतर माझा फोन "ऑडिओ शून्य शून्य चार" एवढंच वाचतो. कोण बोलतंय, कोणाशी, अंदाजे साल. आणि गाणं किती मिनिटांनी सुरू होतं तेही लिही.