डिझाइन लीड (टीमचा प्रमुख डिझायनर) झालं की डिझाइनचं काम हातातून सुटतंच का?

ॲप-वेबसाइटच्या डिझायनरांच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की दहा वर्षं झाली की डिझायनरने मॅनेजर व्हायचं, नाहीतर तिथेच अडकायचं. अर्धंच पटलं. लोकांच्या रजा, अप्रेझल सांभाळणं हे एक काम आणि डिझाइनची दिशा ठरवणं हे वेगळंच, बऱ्याच प्रॉडक्ट कंपन्यांत आता प्रिन्सिपल डिझायनर अशी टीम न सांभाळता वर जायची वाट असते, इंटरव्ह्यूत सरळ विचारून घ्या. सुलेखनकार र. कृ. जोशी बघा ना, उल्का या जाहिरात कंपनीत आर्ट डायरेक्टर होते, पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवलं, आणि विंडोजमधला मंगल हा देवनागरी फॉन्टही त्यांचाच, म्हणजे हातातलं काम सुटलं नाही.

पुण्यात बाणेरला आमच्या टीमची हेड आहे ती रिव्ह्यूला मराठी स्क्रीन स्वतःच्या फोनवर उघडून बघते. मागे एका बटणावर 'पूर्ण करा' मधला रफार वरून आणि ऊकार खालून कापला जात होता, कारण लाइन हाइट, म्हणजे ओळीची उंची, इंग्रजी अक्षरं धरून ठेवलेली. चूक कुणाची यात वेळ न घालवता तिने ज्युनिअरला शेजारी बसवलं, दोघांनी मिळून डिझाइन सिस्टिममध्ये (सगळ्या स्क्रीनसाठीच्या सामायिक नियमांत) देवनागरीसाठी वेगळा नियम लिहिला आणि डेव्हलपरच्या मागे लागून तो त्याच रिलीजमध्ये घालून घेतला. पोर्टफोलिओत असलं काहीतरी लिहा, नुसत्या चकचकीत फायनल स्क्रीन नकोत. लीडच्या जागेसाठी पोर्टफोलिओ बघायला बसते तेव्हा मी तरी आधी हेच शोधते.