तांब्याला अॅल्युमिनियम जोडू नका
वर विचारलंय, कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायचा तर सीपीयूचा ब्लॉक (प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) तांब्याचा असताना रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा भाग) अॅल्युमिनियमचा चालेल का? नाही चालणार. दोन्ही धातू एकाच पाण्यात आले की गॅल्व्हानिक गंज सुरू होतो आणि अॅल्युमिनियम खाल्लं जातं; नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने ते थांबत नाही. त्या गंजाचा गाळ ब्लॉकच्या केसाएवढ्या बारीक खाचांत अडकला की पाणी फिरणंच मंदावतं. रेडिएटर तांब्या-पितळेचाच घ्या, रंगीत पाण्याचे लाड नंतर.

आणि पाणी भरताना वीज फक्त पंपाला. पीएसयूच्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) बाकी सगळ्या केबल काढा, त्याच्या २४ पिनच्या कनेक्टरला जंपर (मदरबोर्डशिवाय पीएसयू चालू करणारा छोटा जोड) लावा, गळती कळावी म्हणून प्रत्येक फिटिंगखाली (नळीच्या जोडाखाली) टिश्यू पेपर ठेवा. टाकीतली पातळी उतरली की लगेच पंप बंद करून पुन्हा भरा. कोरडा फिरला तर पंप गेलाच म्हणून समजा. अडकलेले बुडबुडे कॉम्प्युटरची केस (कॅबिनेट) तिरकी केली की निघतात.