गिटार कोणाच्या हाती द्यावी? – अनुभव धागा

ॲकूस्टिक गिटार विकणारी दुकानं आता तालुक्याच्या गावीही दिसतात. ती नीट करून देणारे हात मात्र मोजकेच. तारा बदलून देणारा दुकानातला मुलगा आणि खरा कारागीर यांतला फरक कसा ओळखायचा, काम देताना काय बघायचं, नेमकं काय बिघडतं, हे जाणकारांनी लिहावं. नावं आणि नंबर नकोत, पारख सांगा.

पुणे

पहिल्या पाच मिनिटांत तो काय करतो ते बघा. गिटार हातात घेतल्याबरोबर ॲलन की (मानेतला ट्रस रॉड फिरवायची षटकोनी चावी) फिरवायला लागला तर गिटार उचला आणि घरी या. आधी सूर लावला पाहिजे. तारांना नेहमीचा ताण नसेल तर कुठलंच माप खरं नाही. 12 नंबरचा (सगळ्यात बारीक तार 0.012 इंचाची) सेट सुरात असतो तेव्हा सहा तारा मिळून 70 किलोच्या आसपास ओढत असतात.

मग पहिल्या फ्रेटवर (मानेवरची आडवी धातूची पट्टी) कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, मान जिथे खोक्याला मिळते तिथे (बहुतेक गिटारींत 14वा फ्रेट) जाडी तार दाबायची आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत फट किती ते बघायचं. 0.1 ते 0.25 मिमी ठीक. त्यानंतर कॅपो काढून 12व्या फ्रेटवर ॲक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची, मोजायची: जाड्या तारेखाली 2.4 ते 2.8 मिमी, सगळ्यात बारीक तारेखाली 1.8 ते 2 मिमी. हे आकडे त्याने कागदावर लिहून ठेवले तर माणूस कामाचा.

ट्रस रॉड (मानेच्या आतला धातूचा दांडा) मानेचा बाक सुधारण्यासाठी असतो, ॲक्शन खाली आणायला नव्हे. एका वेळी पाव फेरा, पुन्हा सूर, पुन्हा माप. रॉडचा नट घट्ट लागत असताना जोर करणाऱ्याने रॉडचे आटे घालवले, तर ती दुरुस्ती गिटारीच्या किमतीपेक्षा महाग पडते. आणि तुम्ही कुठल्या जाडीच्या तारा वापरता, बोटांनी वाजवता की पिकने, हे त्याने विचारायलाच हवं. 10 च्या तारांवर केलेला सेटअप (मान, ॲक्शन वगैरेची जुळवणी) 12 च्या तारा चढवल्या की राहत नाही.

ठाणे

वर मापांचं आलंच आहे. त्यात भर एवढीच की ‘बझ येतो’ (तार फ्रेटला लागून खरखरते) एवढं सांगून गिटार देऊ नका. कुठे येतो ते सांगा, आणि तो काय निदान करतो ते ऐका.

मोकळी तार वाजवतानाच बझ येत असेल तर बहुधा नटची (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाच जास्त खोल गेलेली असते. पहिल्या चार-पाच फ्रेटांवर येत असेल तर मान फार सरळ झाली आहे किंवा उलटी वाकली आहे. 12व्याच्या पुढे येत असेल तर सॅडल (खोक्यावर चिकटवलेल्या ब्रिज नावाच्या ठोकळ्यातली, तारा टेकतात ती पट्टी) बसकं झालंय किंवा मान-खोक्याच्या सांध्यावर उंचवटा आलाय. एकाच जागी येत असेल तर पुढचा एखादा फ्रेट वर उठलाय. तीन फ्रेटांवर छोटी सरळ पट्टी ठेवली की ती डुगडुगते आणि चोर सापडतो. हे काहीच न तपासता जो थेट ‘सगळे फ्रेट घासावे लागतील’ म्हणतो, त्याला नमस्कार करावा. घासलेला फ्रेट परत वाढत नाही. घासायचेच असतील तर आधी मान सरळ केली का, फिंगरबोर्डवर मास्किंग टेप लावली का, आणि नंतर फ्रेटचा माथा पुन्हा गोल केला का, हे बघा. सपाट माथ्याचा फ्रेट सूर बिघडवतो.

मोकळी गिटार सुरात आणि पहिल्या पोझिशनचा एफ किंवा सी कॉर्ड बेसूर, ही तक्रार फार जणांची असते. तिथे नटच्या खाचा उंच असतात. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबून पहिल्या फ्रेटवर बघा: फट कागदाएवढी हवी. हे काम सुईफाइलने, तारेच्या जाडीप्रमाणे करायचं असतं. करवतीच्या पात्याने खाच पाडणारा दिसला तर थांबवा.

रत्नागिरी

जुलैत सॅडल घासून घेऊ नका. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80–90 टक्के असते, वरची फळी फुगते, ब्रिजसकट वर येते आणि ॲक्शन चढते. त्या मापाला सॅडल कमी केलं की फळी बसल्यावर, फेब्रुवारीत, गिटार खडखडते. चांगला कारागीर आधी गिटार पंधरा दिवस कोरड्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायला सांगतो. सॉलिड टॉप (वरची फळी प्लायवूडची नसून सबंध लाकडाची) असेल तर दोन सॅडल करून घ्या, एक पावसाळ्याचं आणि एक उन्हाळ्याचं. हिशेब सोपा आहे: 12व्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरवायचं तर सॅडलमधून पूर्ण एक मिमी जातो. त्यानंतर ब्रिजच्या वर 2 मिमीही सॅडल उरणार नसेल तर रोग मानेच्या कोनात आहे. प्लायवूडच्या स्वस्त गिटारीवर मानेच्या दुरुस्तीचा खर्च करू नये, असं माझं मत.

नागपूर

आमच्याकडे उलटं. एप्रिल-मेमध्ये लाकूड आक्रसतं, फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बोटाला टोचतात. ते फक्त कडेने फाइल करायचं काम आहे, त्यासाठी फ्रेट बदलायला सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कूलरच्या खोलीत गिटार बाहेर ठेवणं सगळ्यात वाईट: रात्री ओलं, दुपारी कूलर बंद झाला की कोरडं. पेटीत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज ठेवा. 45 ते 55 टक्के आर्द्रता राखली की निम्मी दुरुस्ती टळते.

जालना

गिटारवाला कोणीच नाही. बाजाची पेटी आणि सतार दुरुस्त करणारे आहेत. चालतील का?

मिरज

काही कामांना उत्तम, काहींना मुळीच नाही. सतार-तानपुऱ्याच्या कारागिराचा हात हाडाच्या कामात बसलेला असतो, त्यामुळे प्लॅस्टिकचं सॅडल काढून हाडाचं करून घ्यायला तो चांगला. सरसाचा सांधाही त्याला कळतो. तडा गेलेल्या फळीला आतून छोट्या लाकडी चकत्या लावणं जमतं.

पण एक गोष्ट बजावून सांगा: सॅडलचा माथा रुंद आणि सपाट ठेवू नका. जवारी काढायची (तार झंकारावी म्हणून घोडीचा माथा घासायची) सवय हातात असते. सतारीच्या घोडीवर तार घासत झंकारायला हवी, गिटारीच्या सॅडलवर ती एका कडेवरून स्वच्छ सुटायला हवी. सपाट सॅडल केलं की गिटार सतारीसारखी झणझणते आणि मग दोष फ्रेटांना दिला जातो.

फ्रेट आणि ट्रस रॉड मात्र देऊ नका. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येणारे. गिटारीचे फ्रेट खाचेत ठोकलेले. दोन्ही वेगळ्या विद्या आहेत.

मडगाव

ब्रिज उचलला आहे का, हे आधी घरीच बघा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवा. आत गेला तर ताबडतोब तारा सैल करा.

विचारायचा प्रश्न एकच: ‘कसा चिकटवणार?’ खरं उत्तर असं: गरम करून पातळ सुरीने ब्रिज पूर्ण सोडवायचा, जुना गोंद खरवडायचा, ब्रिजखाली पॉलिश असेल तर ते काढून लाकडाला लाकूड भिडवायचं, पिवळा लाकूड-गोंद किंवा सरस लावून आवाजाच्या भोकातून क्लॅम्प घालायचे आणि 24 तास हात लावायचा नाही. ‘फटीत फेविक्विक सोडतो, अर्ध्या तासात न्या’ म्हणणाऱ्याकडे थांबू नका. तो गोंद काचेसारखा तडकतो आणि पुढच्या कारागिराला ब्रिज काढताना फळीचे पदर सोलले जातात. साधा पांढरा गोंदही सततच्या ओढीने हळूहळू सरकतो. उन्हात बंद गाडीत गिटार ठेवली तर कुठलाच गोंद भरवशाचा नाही.

मानेचं डोकं तुटलं तरी हेच. तुकडे जुळवूनसुद्धा बघू नका, लाकडाचे धागे मोडतात. तसेच कापडात गुंडाळून न्या.

डोंबिवली

देण्यापूर्वी फोटो काढा: सगळ्या बाजू, आतलं लेबल, सीरियल नंबर, सॅडलची उंची पट्टी लावून. जुने भाग परत मागा. पहिल्यांदाच फ्रेट लेव्हलिंग (फ्रेट घासून एका पातळीत आणणं) देऊ नका. तारा आणि सेटअपचं छोटं काम द्या, तो तारीख पाळतो का आणि केलेली मापं सांगतो का ते बघा.

पिकअपवाली (ॲम्पला जोडता येणारी) गिटार असेल तर सॅडल घासल्यावर घरी नेण्याआधी तिथेच ॲम्पला लावा. सॅडलची खालची बाजू जराशी तिरकी झाली की खालच्या पिएझोवर (कंपन टिपणाऱ्या पिकअपच्या पट्टीवर) दाब सारखा पडत नाही, आणि एकदोन तारांचा आवाज दबतो. नऊ व्होल्टची बॅटरी मात्र आधी नवी घाला, नाहीतर भांडण उगाच व्हायचं.