माहजाँग : अवघड नियम वगळून खेळावं का?

तळेगावकर (धागाकर्ता)

ओळखीतल्या एका ग्रुपने जपानी पद्धतीचं, म्हणजे रिइची माहजाँग सुरू केलं आणि लगेच दोन नियम काढून टाकले : याकू आणि फुरितेन. कारण काय, तर 'नवीन माणसाच्या डोक्यावरून जातं'. माझा याला ठाम विरोध आहे. परंपरा म्हणून नव्हे, खेळातली मजाच जाते म्हणून.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रमी येत असेल तर निम्मं काम झालं. चौघं खेळाडू, ३४ प्रकारच्या टाईल्स (बांबूसारखे तीन रंग, प्रत्येकात एक ते नऊ, शिवाय वारे आणि ड्रॅगन), प्रत्येकीच्या ४, एकूण १३६. हातात १३ असतात; एक उचलायची, एक टाकायची. चार संच (सिक्वेन्स किंवा ट्रिपलेट) आणि एक जोडी जमली की हात लागला, म्हणजे जिंकलात. त्यात ठरलेल्या रचनांपैकी निदान एक हवीच, ती याकू. आणि ज्या टाईल्सवर तुमचा हात लागू शकतो त्यांतली एकही तुम्ही आधी टाकून दिली असेल, तर दुसऱ्याने टाकलेल्या टाईलवर तुम्हाला जिंकता येत नाही, स्वतःच उचलावी लागते. हे फुरितेन.

आता पटावर काय होतं ते बघा. प्रत्येक जण टाकलेल्या टाईल्स आपल्यापुढे सहा-सहाच्या ओळींत, क्रमाने मांडतो. समोरच्याने १००० गुणांची काडी ठेवून 'रिइची' म्हटलं. म्हणजे त्याला जिंकायला आता एकच टाईल कमी आहे. तुम्ही टाकलेल्या टाईलवर तो जिंकला तर सगळे गुण एकट्या तुमच्याकडून जाणार. तुमच्या हातात बांबूची पंजी आहे आणि त्याच्या दुसऱ्या ओळीत बांबूची पंजी पडलेली दिसते. टाका बिनधास्त! तो ती घेऊच शकत नाही, आणि ते केवळ फुरितेनमुळे. हा नियम काढलात की त्या ओळी वाचण्यात अर्थच उरत नाही. बचाव संपला, मग नुसतं नशीब.

मिरजकर

अजिबात पटलं नाही. 'खरे' नियम कुठले धरायचे? माहजाँग चीनचं. जपानमध्ये गेल्यावर त्यांनी त्यात रिइची घातलं. हाँगकाँगला टाकलेल्या टाईल्स मधोमध कशाही पडतात, ओळी नाहीत की काही नाही, तरी लोक रात्र-रात्र खेळतात. सिचुआनमध्ये वारे आणि ड्रॅगन काढून १०८ टाईल्सवर खेळतात. तिथे एक जिंकला तरी डाव थांबत नाही, तिघं जिंकेपर्यंत किंवा टाईल्स संपेपर्यंत चालतो. अमेरिकेत जोकर घातले, आणि १९३७ साली स्थापन झालेली तिथली लीग दरवर्षी जिंकणाऱ्या हातांचं नवं कार्ड काढते. मुळात हा खेळ अमेरिकेत रुजला तोच जोसेफ बॅबकॉक या अमेरिकन माणसाने १९२०च्या सुमारास सोपे केलेले नियम नेले म्हणून. प्रत्येकाने आपल्या सोयीने बदलला म्हणून तर जगभर पोचला. मग पुण्यातल्या चार जणांनी दोन नियम काढले तर बिघडलं कुठे?

तळेगावकर

@मिरजकर, तुमची उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. सिचुआनवाल्यांनी वारे काढले, पण प्रत्येकाने तीनपैकी एक रंग पूर्ण सोडायचा असा नियम ठेवला. त्यामुळे कोण काय टाकतोय यावरून अंदाज बांधता येतो. अमेरिकेत जोकर आले तसं कार्डही आलं, कुठलाही हात चालत नाही. त्यांनी एक काढलं तिथे दुसरं बसवलं. आमच्या ओळखीतल्यांनी नुसतं काढलं.

चिपळूणची_सई

मला मिरजकरांचं म्हणणं जवळचं वाटतं. आमच्याकडे मेंढीकोटाचे नियम दर दोन घरांआड बदलतात. भाचरं जमली की आधी 'कुणाच्या नियमांनी?' हे ठरतं आणि मग पत्ते पिसले जातात. कुणाचं काही अडत नाही. आणि सावंतवाडीचा गंजिफा बघा. दशावताराचे १२० पत्ते, दहा रंग, त्यातल्या अर्ध्या रंगांत एक्का-दहाचा क्रम उलटा! पत्ते अजून सुंदर रंगवले जातात, लोक हौसेने विकतही घेतात, पण खेळणारे किती सापडतात? थोडे सोपे करून घरोघरी खेळले असते तर ते नुसते शोकेसमध्ये राहिले नसते असं माझं मत आहे.

तळेगावकर

@सई, गंजिफाचं मलाही वाईट वाटतं. पण तो उलटा क्रमच काढून टाकला तर राहतं काय? दहा रंगांचा साधा पत्त्यांचा डाव. तो उद्या परत घरोघरी यावा असं मलाही वाटतं, पण त्या उलट्या क्रमासकट.

योकोहामा_मराठी

इथलं सांगते. जपानमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी 'आरोग्य माहजाँग'चे वर्ग चालतात. पैसे लावायचे नाहीत, दारू नाही, सिगारेट नाही. माझ्या शेजारच्या आजी नियमाने जातात. पैसे लावण्याची जुनी सवय काढून टाकली, पण याकू आणि फुरितेन जसंच्या तसं. नवीन आलेल्याच्या शेजारी जाणता बसतो आणि गुणांची आकडेमोड तोच करून देतो, कारण नवशिक्याला खरं घाबरवतं ते गुण मोजणं. तळेगावकर, तुमच्या लोकांना आधी त्यातून मोकळं करा.

तळेगावकर

हे शंभर टक्के मान्य. गुण एकाने मोजावेत किंवा फोनवर मोजावेत. याकूही सुरुवातीला तीनच सांगायचे : रिइची, एक-नऊ आणि वारे-ड्रॅगन पूर्ण वगळलेला हात, आणि ड्रॅगनचं ट्रिपलेट. एवढ्यावर संध्याकाळ आरामात निघते. फुरितेन मात्र पहिल्या डावापासून.

मिरजकर

तीन याकूंचं ठीक आहे. फुरितेनवर माझं मत तेच. नवीन माणूस जिंकला म्हणून आनंदाने टाईल्स उघड्या करतो आणि तुम्ही त्याला ओळीतली त्याचीच जुनी टाईल दाखवून 'नाही चालत' म्हणता, तो पुढच्या रविवारी येत नाही. मी घरच्यांना सिचुआन पद्धतच शिकवणार आहे. रिइची ज्याला हवं त्याने नंतर शिकावं.

चिपळूणची_सई

@मिरजकर, सिचुआनचे नियम मराठीत लिहून इथे टाकाल का? दिवाळीत आमच्याकडे आठ जण आहेत, दोन पट मांडता येतील.