पाण्यातला ओझोन मोजायला यूव्ही मीटर घ्यावा का?

निशिगंध_सातारा
आमचा बाटलीबंद पाण्याचा छोटा प्लांट आहे. आरओच्या पाण्यात चवीपुरतं बोअरचं पाणी मिसळतो, मग ओझोन. फिलिंगला लिटरमागे ०.२ मिलीग्रॅम ठेवायचा प्रयत्न असतो. ट्रायलला यूव्ही मीटर आणलाय. ओझोन सोडण्याआधीच्या पाण्यावर झीरो केला (म्हणजे त्या पाण्याला शून्य धरलं), तर तो ०.१५ दाखवतो. त्याच नळावर इंडिगोने (ओझोनमुळे फिकट होणाऱ्या निळ्या रंगाच्या चाचणीने) ०.२ येतं. ओझोन वाढवू, की मीटर परत करू?

प्रयोगशाळेतली
दोन्ही नको, ताई. मीटर बरोबर आहे, झीरो चुकलाय. ओझोन २६० नॅनोमीटरच्या आसपासचा यूव्ही प्रकाश शोषतो, मीटर तेच शोषण मोजतो. बोअरच्या पाण्यातली सेंद्रिय द्रव्यंही तिथेच शोषतात, पण ओझोन त्यांना फोडतो आणि त्यांचं शोषण घटतं. तुम्ही वजा करताय ते आधीचं, जास्तीचं शोषण. म्हणून आकडा खाली येतो. एक सेंटीमीटरच्या सेलमध्ये (पाणी धरून प्रकाश आरपार सोडायच्या डबीत) ०.२ मिलीग्रॅमचं शोषण जेमतेम ०.०१२ भरतं, त्यात ०.००३ इकडेतिकडे झालं की पाव हिस्सा गेलाच.

ओझोन झालेलंच पाणी घ्या, त्यातून नायट्रोजन सोडून ओझोन उडवून लावा आणि त्यावर झीरो करा.

मेंटेनन्सवाला
बुडबुडेही बघा. ते प्रकाश विखुरतात आणि मीटर त्यालाच ओझोन समजतो. शिवाय नळापासून मीटरपर्यंतची नळी आखूड आणि टेफ्लॉनची हवी. रबर ओझोन खातं. क्युवेटमध्ये, म्हणजे सुट्या सेलमध्ये, मोजणार असाल तर ती क्वार्ट्झची, साधी काच हा प्रकाश अडवते.

प्रयोगशाळेतली
इंडिगोला मात्र साधी काच चालते, ते ६०० नॅनोमीटरला वाचतात. फक्त फ्लास्कमध्ये इंडिगो आधी भरून न्या आणि नळावरच पाणी घ्या. बाटली लॅबपर्यंत नेईस्तोवर ओझोन कमी झालेला असतो.

आणि कृपा करून नुसत्या मीटरच्या भरवशावर ओझोन वाढवू नका. बोअरमध्ये ब्रोमाइड हा क्षार असेल तर ओझोनमुळे त्याचं ब्रोमेट हे घातक द्रव्य तयार होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, आणि एकदा झालेलं ब्रोमेट बाटलीतून काढता येत नाही.

निशिगंध_सातारा
नायट्रोजन सोडून झीरो केला. मीटर ०.१९, इंडिगो ०.२. ओझोनला हात लावला नाही. मीटर घेतेय, दर सोमवारी इंडिगोशी ताडून बघेन. बोअरचं पाणी ब्रोमाइडसाठी आजच तपासायला पाठवलं.