मदत हवी आहे : कोलेस्टेरॉल ताब्यात, तरी बाबांच्या धमनीत अडथळा

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. बाबा ७२ वर्षांचे. विडी-सिगरेट नाही, शुगर नाही, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ६८, रोज सकाळी सुरसागरला फेरी. (रविवारची शेव-उसळ तेवढी सुटत नाही.) गेल्या महिन्यात जिना चढताना छाती भरून आली. अँजिओग्राफीत ८० टक्के अडथळा, स्टेंट बसला.

आता डॉक्टर म्हणतात, आतली सूज पण बघा. एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ४.१ आलं, २ च्या वर जास्त धरतात. मला कळलं ते असं : वयानुसार रोगप्रतिकारक पेशी विनाकारण चेतलेल्या राहतात, धमनीच्या अस्तरात शिरलेलं कोलेस्टेरॉल गिळून तिथेच फुगून बसतात, आणि त्या थरावरचं टोपण पातळ होऊन फुटू शकतं. २०१७ च्या कँटोस नावाच्या औषध-चाचणीत कोलेस्टेरॉल न घटवता, नुसतं सूज कमी करणाऱ्या इंजेक्शनने हार्ट अटॅक घटले म्हणे! मी चाटच पडले. पण जीवघेणे जंतुसंसर्गही वाढले होते.

रक्त दिलं तेव्हा बाबांना सर्दी होती, हिरड्याही सुजलेल्या. आकडा त्यामुळे फुगला असेल का? परत कधी तपासावं?

दुसरं, कोल्चिसिन. हो, गाउटवाली (सांध्यांच्या सुजेवरची) गोळी. हृदयासाठी रोज ०.५ मिग्रॅ घेणारं कुणाच्या घरी आहे का? पोट बिघडतं का? बाबांचं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.५ आहे, म्हणून धाकधूक. शुक्रवारी डॉक्टरांना भेटायचंय, काय काय विचारू?